दहा दिवसांतून एकदा

अँटेनासकट माणसाएवढी उंच असलेली एक नळी समुद्रात १००० मीटर खोलीवर आठ-नऊ दिवस वाहत राहते. मग ती २००० मीटरपर्यंत उतरते, तिच्या पोटातला पंप बाहेरच्या पिशवीत तेल ढकलतो, आकारमान वाढते, वजन मात्र तेवढेच राहते, आणि नळी वर चढू लागते. चढताना ती दाब, तापमान आणि क्षारता मोजते. वर आल्यावर उपग्रहाला आकडे कळवून पुन्हा बुडी मारते. असे सुमारे ४००० आर्गो फ्लोट आज जगभरच्या महासागरांत आहेत. त्यांचे कौतुक होते ते संवेदकांमुळे. पण समुद्राचे किती आणि कितपत खरे मोजमाप हाती लागते, हे निरोप कसा पोचतो यावरही ठरते.

२००० साली हे फ्लोट सोडायला सुरुवात झाली, तेव्हा बहुतेकांची भिस्त आर्गोस या उपग्रहव्यवस्थेवर होती. एका निरोपात जास्तीत जास्त ३२ बाइट. संगणकाच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीची जेमतेम दहा चिन्हे. शिवाय सारा मामला एकतर्फी. निरोप कोणी ऐकला की नाही हे फ्लोटला कळत नसे, म्हणून तो तेच तुकडे सहा-बारा तास पुनःपुन्हा पाठवत राही. तेवढ्या वेळात वारा त्याला भलतीकडे नेई आणि खोल प्रवाहाच्या हिशेबात पृष्ठभागाची भेसळ होई. इरिडियम या खासगी कंपनीच्या ६६ उपग्रहांशी दुतर्फा बोलणे सुरू झाल्यावर हेच काम काही मिनिटांत उरकू लागले. पूर्वी एका फेरीत शंभराच्या आत असलेल्या नोंदी हजारावर नेता आल्या, आणि वादळाच्या दिवसांत ‘लवकर लवकर वर ये’ असे फ्लोटला किनाऱ्यावरून सांगता येऊ लागले.

उपग्रहच समुद्राचे तापमान मोजतात, मग ही यातायात कशाला, असे कोणी विचारेल. उपग्रहाला दिसते ती पाण्याची वरची कातडी. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी फार खोल शिरत नाहीत. बंगालच्या उपसागरात नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर वर पसरतो आणि त्याखाली ऊब दडून राहते. चक्रीवादळाला बळ मिळते ते या साठ्यातून, आणि तो मोजायचा तर पाण्यात उतरावेच लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विज्ञानाने खासगी कंपनीवर विसंबावे का? इरिडियमने ऑगस्ट १९९९मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती आणि तिचे उपग्रह कक्षेतून उतरवण्याची तयारीही झाली होती. नव्या मालकांनी ते विकत घेतले म्हणून वाचले. हा धोका मी कमी लेखत नाही, पण त्यावर उपाय संवाद तोडण्याचा नाही, दुसरी वाट राखण्याचा आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये इस्रोने सोडलेल्या ओशनसॅट-३ उपग्रहावर आर्गोसचे निरोप टिपणारे यंत्र बसवलेले आहे, आणि आर्गोसची पुढची पिढी आता दुतर्फा बोलू शकते. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत भारतीय फ्लोटांचे आकडे येतात. तिथल्या फ्लोटखरेदीत या दुसऱ्या वाटेसाठी पैसे राखून ठेवायला हवेत, मग त्यापायी दोन-चार फ्लोट कमी घ्यावे लागले तरी चालेल.