अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प (नांदेड व लातूर केंद्रे)

अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प ही भारतीय कृषी संशोधन परिषद आणि राज्यांतील कृषी विद्यापीठे यांच्यातील संशोधन-भागीदारीची व्यवस्था आहे. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची नांदेड येथील कापूस संशोधन केंद्र आणि लातूर येथील गळीतधान्य संशोधन केंद्र ही दोन केंद्रे या व्यवस्थेत सहभागी आहेत. नांदेड केंद्रात कपाशीवर, तर लातूर केंद्रात प्रामुख्याने सूर्यफुलावर काम चालते.

पार्श्वभूमी

भारतातील पहिला समन्वित प्रकल्प १९५७ साली मका या पिकासाठी सुरू झाला. एकच वाण निरनिराळ्या हवामानात व जमिनीत एकाच पद्धतीने तपासावा, ही त्यामागील कल्पना होती. कापूस व गळीतधान्ये यांचे प्रकल्प १९६७ साली सुरू झाले. परभणीचे विद्यापीठ १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने स्थापन झाले. २०१३ साली त्यास वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. नांदेड परिसर मात्र निजामकाळापासूनच गावरानी कापसासाठी प्रसिद्ध होता.

भागीदारीची उभारणी

कृषी हा विषय राज्यसूचीत असल्याने कृषी विद्यापीठे राज्याच्या कायद्याने स्थापन होतात. महाराष्ट्रातील चारही कृषी विद्यापीठांना १९८३ चा कायदा लागू आहे. त्यामुळे केंद्रीय परिषद विद्यापीठास थेट आदेश देत नाही. उभय पक्षांत सामंजस्य करार होतो. करारात मंजूर पदे, कामाची व्याप्ती आणि खर्चाची विभागणी नमूद असते. सर्वसाधारणपणे खर्चाचा ७५ टक्के वाटा परिषद आणि २५ टक्के वाटा राज्य शासन उचलते. जमीन, इमारती व प्रशासन विद्यापीठाकडे असते आणि प्रकल्पातील शास्त्रज्ञ हे विद्यापीठाचे कर्मचारी असतात.

तांत्रिक समन्वय परिषदेच्या पीकनिहाय संस्था करतात. कपाशीसाठी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, तर सूर्यफुलासाठी हैदराबादची भारतीय तेलबिया संशोधन संस्था हे काम पाहते. वार्षिक बैठकीत सर्व केंद्रे मागील हंगामाचे निष्कर्ष मांडतात आणि पुढील हंगामाच्या चाचण्या ठरवतात. राज्य पातळीवर विद्यापीठांच्या शिफारशी संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत तपासल्या जातात.

नूतनीकरण

प्रकल्पास कायमस्वरूपी मंजुरी नसते. पूर्वी पंचवार्षिक योजनेबरोबर मंजुरीचा कालावधी संपत असे. बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपल्यानंतर हा कालावधी वित्त आयोगाच्या चक्राशी जोडण्यात आला. नूतनीकरणापूर्वी पंचवार्षिक आढावा पथक केंद्रांच्या कामाचे मूल्यमापन करते. या पथकात बाहेरील तज्ज्ञ असतात. केंद्र चालू ठेवणे, पदे कमी-अधिक करणे किंवा केंद्र बंद करणे अशा शिफारशी ते करू शकते. त्यानंतर खर्चाची मंजुरी घेऊन प्रकल्प पुढील कालावधीसाठी चालू ठेवला जातो. दरवर्षीचा निधी मिळण्यासाठी विद्यापीठास उपयोगिता प्रमाणपत्र व लेखापरीक्षित हिशेब सादर करावे लागतात.

नव्या वाणाच्या निर्मितीस मंजुरीच्या एका कालावधीहून अधिक काळ लागू शकतो. संकर, निवड, स्थानिक चाचण्या आणि त्यानंतर अनेक केंद्रांवरील बहुवर्षीय चाचण्या अशा टप्प्यांनंतरच वाण प्रसारित होतो. एका हंगामात पद रिक्त राहिले किंवा निधी पेरणीनंतर मिळाला, तर त्या वर्षाची चाचणी वाया जाऊ शकते. कारण पीक मंजुरीसाठी थांबत नाही. त्यामुळे नूतनीकरण वेळेवर होण्यास संशोधनाच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे.

फलित

नांदेड केंद्राने विकसित केलेला एनएचएच-४४ हा संकरित वाण ‘नांदेड-४४’ या नावाने परिचित असून, तो १९८० च्या दशकात प्रसारित झाल्यानंतर कोरडवाहू शेतकऱ्यांमध्ये लोकप्रिय ठरला. लातूर केंद्राने सूर्यफुलाचे एलएसएफएच-३५ व एलएसएफएच-१७१ हे संकरित वाण विकसित केले.

भारतात २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यानंतर खासगी कंपन्यांच्या संकरित वाणांनी बाजारपेठ व्यापली आणि बीटी जनुक नसलेला नांदेड-४४ मागे पडला. पुढे विद्यापीठाने महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाशी, अर्थात महाबीजशी, करार केला आणि या वाणाचे बीटी रूप विकसित करण्यात आले. केंद्रीय परिषदेबरोबरच्या भागीदारीतून वाणांच्या चाचण्या होतात. बियाणे मोठ्या प्रमाणावर तयार करून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी मात्र अशा दुसऱ्या भागीदारीची आवश्यकता असते, हे या उदाहरणातून दिसून येते.