तीन वेळा सलाम, मग माघारी

रमजानमध्ये घराघरांत ये-जा वाढते. इफ्तारची ताटे शेजारी जातात, तरावीहच्या नमाजनंतरही मोहल्ला जागा असतो. अशा दिवसांत पवित्र कुरआनने शिकवलेला उंबरठ्याचा अदब आवर्जून आठवावा.

‘सूरह नूर’ हा कुरआनचा २४ वा अध्याय. दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलामाशिवाय जाऊ नये, ‘परत जा’ म्हटले तर परत जावे, असा आदेश त्यातील २७ व २८ व्या आयतींत आहे. शिवाय असे परत जाणेच अधिक पवित्र ठरवले आहे. त्यासाठी आलेला ‘अजका’ हा अरबी शब्द आणि ‘जकात’ एकाच धातूतले. जकातीने धन शुद्ध होते. दुसऱ्याचा नकार राग न धरता मानला, तर मन.

एकदा हजरत अबू मूसा अशअरी हे खलिफा हजरत उमर यांच्या दारी गेले. तीन वेळा परवानगी मागूनही उत्तर आले नाही, तेव्हा ते माघारी फिरले. कारण विचारल्यावर त्यांनी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची तशी शिकवणच सांगितली. हजरत उमर यांनी साक्षीदार मागितला, साक्ष मिळताच ती मान्य केली. खलिफाचे दार असो वा गरिबाचे, नियम एकच.

हा अदब घराच्या आतही आहे. पहाटेच्या नमाजपूर्वी, दुपारी विश्रांतीच्या वेळी आणि रात्रीच्या नमाजनंतर लहान मुलांनीही विचारूनच मोठ्यांच्या खोलीत यावे, असे ५८ वी आयत सांगते.

दाराला कडी असते, माणसाच्या खासगीपणाला नसते. म्हणून तिथे जास्त जपावे लागते. ‘आज रोजा नाही का?’ हा प्रश्न आपण सहज विचारतो. आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुरआनने सवलत दिली आहे. मासिक पाळीत स्त्रिया रोजा ठेवत नाहीत, ते रोजे नंतर पूर्ण करतात. तरीही या प्रश्नाच्या धास्तीने कितीतरी मुली घरातच लपून पाणी पितात. काही जणी तर रोजा असल्याचे भासवण्यासाठी सहरीलाही उठतात. जी सवलत अल्लाहने दिली, तिचा खुलासा आपण का मागावा?

रोजा म्हणजे केवळ उपाशी राहणे नव्हे. डोळ्यांचा आणि जिभेचाही रोजा असतो. समोरचा स्वतःहून सांगेल तेवढे ऐकावे, न सांगितलेले विचारू नये. बंद दारावरून निमूट परतणे हीसुद्धा इबादतच आहे.