माल तोच, नाव नवे

कडा झिजलेली, खडबडीत इंग्रजी अक्षरे पाटीवर दिसली की ती फार पुरातन असावीत, असा समज होतो. परंतु ‘कॅस्लन अँटिक’ या प्रसिद्ध टाइपाचे खिळे शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीने १८९०च्या दशकात ओतले. आरेखन बर्न नॅडल यांचे. मूळ नाव ‘फिफ्टीन्थ सेंच्युरी’. काही वर्षांनी फाउंड्रीनेच नाव बदलले व त्याच नावाने टाइप लोकप्रिय झाला. लंडनचे विल्यम कॅस्लन (१६९२-१७६६) यांच्या नितळ अक्षरांशी त्याचे काहीच नाते नाही! नवा माल जुना भासविणे हा त्या टाइपाचा गुणच. पण दुसऱ्या पेढीची पुण्याई त्यावर चिकटविणे आम्हांस रुचत नाही. ‘ले मिझराब्ल’ या संगीतिकेचे नाव मात्र त्याच अक्षरांत झळकते, आणि तेथे ती शोभतात.