पहिल्या वर्षाचा गाभा, डहाणूकडून पाहताना

जगभरच्या अनेक कॅथलिक विद्यापीठांत पदवीच्या पहिल्या वर्षी सगळ्या शाखांच्या मुलांनी मिळून शिकायचा एक गाभा अभ्यासक्रम असतो. मूळ ग्रंथ नीट वाचावा, आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडावे, माणसाच्या प्रतिष्ठेचा विचार करावा, श्रद्धेचे प्रश्न टाळू नयेत, दुबळ्यांविषयीची जबाबदारी ओळखावी, अशी त्याची उद्दिष्टे साधारणपणे सांगितली जातात. महाराष्ट्रात ही उद्दिष्टे कशी आली आणि कुठे अडली, याचा मागोवा घ्यायला मुंबईतली जुनी कॉलेजे पुरेशी नाहीत. डहाणू-तलासरीकडेही बघावे लागते. कैनाडसारख्या वारली गावातून, घरातला पहिलाच म्हणून कॉलेजात पोचणाऱ्या मुलामुलींवर या उद्दिष्टांची परीक्षा होते. माझे म्हणणे असे की गेल्या दीडशे वर्षांत उद्दिष्टे दर टप्प्याला उदार होत गेली, पण एक उद्दिष्ट कायम राहून गेले: ज्यांच्यासाठी शिकायचे त्यांच्याकडूनही शिकायचे. आणि नेमके तेच या भागात, कॉलेजांच्या बाहेर, फार पूर्वी करून दाखवले गेले होते.

सुरुवात जेझुइट या कॅथलिक धर्मसंघापासून करावी लागते. 1599 साली त्यांनी आपल्या शाळा-महाविद्यालयांसाठी शिक्षणक्रमाची संहिता पक्की केली. आधी भाषा आणि वक्तृत्व, मग तत्त्वज्ञान, शेवटी ईश्वरविद्या असा तिचा क्रम होता. उजळणी आणि वादविवाद यांवर भर होता. विचार करता येण्याआधी बोलता-लिहिता आले पाहिजे, ही त्यामागची धारणा आजही खरी वाटते. पुढे 1852 मध्ये जॉन हेन्री न्यूमन यांनी डब्लिनमधल्या व्याख्यानांत विद्यापीठाचे काम बुद्धीला वळण लावणे हे आहे, असे मांडले. विषय सुटे शिकवले तर विद्यार्थ्याला ज्ञानाचा एकमेकांशी असलेला संबंध कळत नाही, ही त्यांची काळजी होती. पहिल्या वर्षाच्या सामाईक अभ्यासाचा आधुनिक पाया बराचसा इथे आहे.

मुंबईत 1869 मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज निघाले तेव्हा हा सारा वारसा जेझुइट संस्थापकांच्या पाठीशी होता. मात्र 1857 च्या मुंबई विद्यापीठाच्या चौकटीत अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवी आणि परीक्षाही विद्यापीठच घेई. कॉलेज शिकवू शके. काय शिकवायचे हे त्याच्या हाती नव्हते. त्यामुळे कॅथलिक शिक्षणाची उद्दिष्टे वर्गाबाहेर गेली: वसतिगृहात, ग्रंथालयात, मंडळांत, शिक्षकांच्या सहवासात. 1926 मध्ये फादर हेन्री हेरास यांनी तिथे भारतीय इतिहासाच्या संशोधनाची संस्था उभारली. ते काम मोलाचेच होते, पण पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला ते थोडेच येणार! झेवियर्सला स्वायत्तता मिळाली 2010 मध्ये. स्वतःचा गाभा स्वतः ठरवायची मुभा मिळायला एकशे एक्केचाळीस वर्षे लागली, हे लक्षात ठेवूनच या संस्थांना जाब विचारायला हवा.

दरम्यान देशानेही हा प्रश्न हाती घेतला होता. 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने पदवीच्या पहिल्या वर्षी बुद्ध, सॉक्रेटिस, येशू, कबीर, नानक, गांधी अशा थोर व्यक्तींची चरित्रे, दुसऱ्या वर्षी निवडक धर्मग्रंथ आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले प्रश्न शिकवावेत, अशी शिफारस केली. हा आराखडा कॅथलिक गाभ्याच्या किती जवळचा आहे! तो वर्गात फारसा उतरला नाही. मुंबई विद्यापीठात पुढे आला तो फाउंडेशन कोर्स. भारतीय समाजाची विविधता, विषमता, राज्यघटना, मानवी हक्क, पर्यावरण, ताणतणाव असे त्याचे घटक. यादीत खोट काढण्याजोगे काही नाही. पण पहिल्या वर्षाच्या सगळ्या पेपरांत गाईड वाचून काढायचा पेपर अशी त्याची ओळख झाली. विषमता पाच गुणांच्या टिपेत मावू लागली, की तिच्याविषयीचे उद्दिष्ट कागदावरच राहते.

कॅथलिक विचारातही याच काळात मोठी उलथापालथ झाली. 1973 मध्ये जेझुइटांचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी इतरांसाठी जगणारी माणसे घडवणे हे आपल्या शिक्षणाचे ध्येय ठरवले. त्यांच्या 1974-75 च्या महासभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायासाठीचे काम एकत्र बांधले. त्यानंतर समाजकार्याचे तास, वस्त्यांमधली शिबिरे, अनुभव आणि त्यावरचे चिंतन यांना अभ्यासक्रमात जागा मिळत गेली. या बदलाविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही त्यात एक दिशा गृहीत धरलेली होती: शिकलेला जातो, आदिवासी घेतो.

ही दिशा डहाणू-तलासरीत 1945 सालीच उलटी झाली होती. त्या वर्षी मे महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांकडे राबणारे लग्नगडी आणि वेठीला जुंपलेली कुळे तिथे जमली. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्या लढ्यावरच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मानवी प्रतिष्ठा म्हणजे काय, हे पहिल्या वर्षाला शिकवायला याहून जवळचे साधन या जिल्ह्यातल्या प्राध्यापकाला मिळणार नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोर्डीला ताराबाई मोडकांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. सोबत अनुताई वाघ होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात गेली. मुले गुरे राखायला जातात तर कुरणशाळा निघाली. माँटेसरींची महागडी साधने बाजूला राहिली आणि बिया, शिंपले, पाने, खडे पुढे आले. मुलाजवळ जे आहे तिथून शिक्षणाची उद्दिष्टे ठरवायची, हे इथे झाले. बालवाडीला जे कळले ते कॉलेजला अजून कळायचे आहे.

यावर पहिला आक्षेप धर्माचा. आदिवासी भागात कॅथलिक संस्थेचा गाभा म्हणजे धर्मांतराची पूर्वतयारी, अशी शंका उघड बोलली जाते. ती झटकून टाकू नये. राज्यघटनेच्या कलम 28 ने राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाची सक्ती करायला मनाई केली आहे. कलम 30 ने अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. दोन्ही एकाच वेळी पाळता येतात, अट एवढीच की श्रद्धेच्या प्रश्नांत वारल्यांचा धर्मविचारही अभ्यासाचा विषय व्हावा. लग्नचौकातली पालघाट देवी, हिरवा, वाघदेव यांना निव्वळ चित्रकलेचे नमुने मानणारा अभ्यासक्रम श्रद्धेचा आदर करत नाही, मग तो कॅथलिक असो की सरकारी.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला नोकरी हवी, इंग्रजी हवे. तत्त्वचिंतनाची चैन त्याला परवडत नाही आणि गावचेच शिकवले तर तो गावातच अडकतो. नोकरीची गरज मी नाकारत नाही. पण डहाणूचाच विचार करा. जून 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि उद्योगांना 500 एकरांची मर्यादा घातली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने इथे खास प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. ऑगस्ट 2024 मध्ये 76 हजार कोटींहून मोठ्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बुलेट ट्रेनची मार्गिका याच जिल्ह्यातून जाते. भूसंपादनाची नोटीस वाचणे, निकालातला युक्तिवाद समजणे, दोन्ही बाजू तोलून अर्ज लिहिणे हे इथे चैनीचे काम नाही. 1599 च्या संहितेतले नीट बोलण्या-लिहिण्याचे उद्दिष्ट आणि न्यूमनचे विवेकाचे उद्दिष्ट यांना इथे पोटापाण्याइतकीच किंमत आहे. आणि अधिसूचना, निकाल, बंदराचे अर्थकारण वाचणारा विद्यार्थी गावात अडकत नाही. जगाशी आपल्या गावाचा व्यवहार कसा चालतो ते त्याला दिसते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, क्षेत्रीय प्रकल्प यांचे श्रेयांक आता अभ्यासक्रमात आले आहेत. चौकट मोकळी झाली आहे, पण मूल्यमापन पुन्हा टिपांवर गेले तर फाउंडेशन कोर्सचीच गत होईल. उद्दिष्टे मोजता येत नाहीत, ही प्राध्यापकांची अडचण मला पटते. म्हणून एक ठोस सूचना. डहाणू-तलासरीत पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. पहिल्या वर्षाचा क्षेत्रीय प्रकल्प ज्या पाड्यावर झाला, तिथल्या ग्रामसभेत विद्यार्थ्याने तो वारलीत किंवा मराठीत वाचून दाखवावा, लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि त्यांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त करूनच अहवाल कॉलेजात द्यावा. गुणांचा काही भाग त्या दुरुस्त्यांना असावा.