यलो कोरिस की रेड कोरिस? रॅस मासा घेण्याआधी मोबाईलवर एवढं तपासा

खाऱ्या पाण्याचा टँक लावणाऱ्यांना रॅस जातीचे मासे फार आवडतात. रंग भन्नाट आणि दिवसभर पळापळ. पण घोळ नावातच आहे.

दुकानात 'यलो कोरिस' आणि 'रेड कोरिस' ही पिल्लं दिसतात, दोन्ही बोटाएवढी. पिवळा साधारण 12 सेंटीमीटरवर थांबतो. लाल मात्र 40 सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि दगड उलटवून खेकडे, गोगलगायी फस्त करतो. कारण यलो कोरिस हा मुळात कोरिस नाहीच! तो 'हॅलिकोइरेस क्रायसस'. लाल तो 'कोरिस गायमार्ड'.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून असं सांगतो: दुकानातलं नाव म्हणजे व्हॉट्सॲपचं डिस्प्ले नेम, कुणीही काहीही ठेवावं. शास्त्रीय नाव म्हणजे मोबाईल नंबर. आपल्याला नंबर हवा.

फक्त रंग का बघू नये?
रॅसच्या पिल्लाचा, मादीचा आणि नराचा रंग वेगवेगळा असतो. बऱ्याच जातींत मादीच पुढे नर बनते आणि रंगही बदलते. लाल कोरिसचे पांढरे ठिपकेसुद्धा मोठेपणी जातात.

मोबाईलने ओळख कशी पटवायची?
1. दुकानदाराला निळा लाईट बंद करून पांढरा लावायला सांगा. निळ्या उजेडात फोटोतले रंग फसवतात.
2. मोबाईल काचेला समांतर धरून माशाचा बाजूने फोटो काढा.
3. गुगल लेन्स किंवा आयनॅचरलिस्टवर शोधा. पहिलं उत्तर अंतिम समजू नका.
4. मिळालेलं शास्त्रीय नाव फिशबेस या साईटवर टाका. मासा किती वाढतो आणि काय खातो, ते तिथे कळतं.

कोणाचं कोणाशी पटतं?
- सिऱ्हिलाब्रस (फेअरी रॅस): बहुतेक शांत. पण उडी मारतात, म्हणून टँकवर जाळी हवीच.
- हॅलिकोइरेस: रात्री वाळूत झोपतात. निदान 5 सेंटीमीटर बारीक वाळूचा थर द्या.
- सिक्स लाईन: छोटा, पण दादागिरी करणारा. ठेवायचाच असेल तर सगळ्यात शेवटी सोडा.
- क्लीनर रॅस: दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. घरच्या टँकमध्ये बहुतेकदा उपाशी मरतो. घेऊच नका.

सारख्या आकाराचे, सारख्या रंगाचे दोन नर एका छोट्या टँकमध्ये टाकले, की मारामारी ठरलेली.

आपल्याकडची खरी अडचण
आमचं चिखला, तुमसर तालुक्यातलं मँगनीज खाणीचं गाव. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि या माशांना पाणी लागतं 24 ते 27 अंश. म्हणजे चिलर हवा आणि लाईट गेली तर इन्व्हर्टरही. बोअरचं पाणीही चालत नाही. आरओच्या पाण्यात मरीन सॉल्ट मिसळून घनता 1.025 च्या आसपास ठेवावी लागते. नवा टँक चार ते सहा आठवडे मुरू द्या, अमोनिया आणि नायट्राईट शून्य आल्यावरच मासा आणा. हा खर्च जमत नसेल तर गोड्या पाण्याचा टँकच बरा.

आणि हो, बाजारातले बहुतेक रॅस समुद्रातल्या प्रवाळांवरून पकडून आणलेले असतात. चुकीचा मासा घेतला की पैसे जातातच, पण एक जंगली जीवही जातो. म्हणून दुकानात पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील, आधी शास्त्रीय नाव शोधा.