टेस्टोस्टेरॉनचे उपचार : अपेक्षा आणि वास्तव



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्यात आणि सार्वजनिक वाचनालयात. आम्ही औषधोपचारावर बोलावे याचे कोणाला नवल वाटेल. परंतु युनियनच्या कचेरीत माणूस केवळ पगाराचे गाऱ्हाणे घेऊन येत नाही. दोन वर्षांपूर्वी एक तरुण फिटर आला. जन्मदाखल्यावर मुलगी, पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा. ज्याला आज ट्रान्स पुरुष म्हणतात तो. म्हणाला, "काका, इंजेक्शन सुरू करून दोन महिने झाले. काहीच दिसत नाही. डोस दुप्पट करू का?"

आम्ही त्याला त्याच्या डॉक्टरांकडे परत नेले. तेथे जे कळले आणि मागाहून जे वाचले, ते येथे मांडतो.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक 1935 साली प्रयोगशाळेत तयार झाले. चारच वर्षांनी, 1939 साली, इंग्लंडमध्ये मायकेल डिलन यांनी ते घेण्यास आरंभ केला. त्यानंतर ते ब्रिस्टलच्या एका गॅरेजात राबू लागले आणि तेथे सोबत्यांची चेष्टा सोसत राहिले. पुढे ते स्वतः डॉक्टर झाले.

आता शरीरात काय घडते ते पाहू. वयात येणाऱ्या मुलात जे घडते, तेच येथे उशिरा घडते आणि त्याच संथ गतीने घडते. पहिल्या काही महिन्यांत त्वचा तेलकट होते, मुरुमे येतात, भूक आणि कामेच्छा वाढते, जननेंद्रियाचा आकार थोडा वाढू लागतो. मासिक पाळी बहुधा सहा महिन्यांत थांबते. आवाज पहिल्या वर्षात फुटू लागतो. तो स्थिरावण्यास एक-दोन वर्षे लागतात. स्नायू भरणे आणि चरबीची जागा बदलणे हे दोन ते पाच वर्षांचे काम. दाढीही चार-पाच वर्षे घेते, आणि ती किती दाट येईल हे घराण्यावर अवलंबून. काहींना दाढीबरोबर टक्कलही मिळते!

काय होत नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रौढाची उंची वाढत नाही. छाती नाहीशी होत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियाच लागते. औषध थांबविले तर पाळी बहुधा परत येते, चरबी पूर्वस्थळी जाते. पण फुटलेला आवाज परत फिरत नाही, दाढीही सहसा जात नाही. म्हणून निर्णय आधी, सुई नंतर.

दुप्पट डोस का नको? जादा टेस्टोस्टेरॉनचा काही अंश शरीर स्त्री-संप्रेरकात बदलते. शिवाय तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते आणि गुठळीचा धोका संभवतो. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. आणखी एक गोष्ट : पाळी थांबली म्हणजे गर्भ राहतच नाही, असे समजू नये. हे औषध गर्भाला अपायकारक आहे; तेव्हा संततिनियमनाची काळजी हवी. पुढे मूल हवे असेल तर त्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे.

आमच्या फिटरचा आवाज पाचव्या महिन्यात फुटू लागला, तशी खात्यात कुजबुजही सुरू झाली. तो कंत्राटी, उद्या गेटवर अडविले तर, ही त्याची खरी धास्ती. आपले लिंग कोणते हे सांगण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली दिला. त्याच्या संमतीने आम्ही तो निर्णय व्यवस्थापनापुढे ठेवला, आणि जवळच्या चार सोबत्यांना सारे समजावून सांगितले. हजेरीपटावरचे नाव बदलण्यास आठ महिने लागले. तोवर त्या चौघांनी त्याला नव्या नावानेच हाक मारली.

डिलन यांचे गुपित 1958 साली वृत्तपत्रांनी फोडले. त्यांनी देश सोडला, हिंदुस्थानात येऊन बौद्ध दीक्षा घेतली आणि 1962 साली डलहौसीला देह ठेवला. औषधाने आपले काम केले होते. समाजाने केले नाही. शरीराला लागणारी वर्षे कोणी कमी करू शकत नाही. त्या वर्षांत त्याची भाकरी जाणार नाही, एवढे पाहणे मात्र आपल्या हाती आहे.