नख आणि उगुरु

गेल्या पावसाळ्यात माझ्या बोटाला नखुरडे झाले. शेजारच्या कन्नड आजींनी बोटाला लिंबू खोचून दिले आणि 'उगुरु' जपायला बजावले. मी ऐटीत म्हणालो, "आजी, तुमच्याही भाषेत नख आहेच की! शूर्पनखी म्हणताच ना?" आजी हसल्या. "ते पोथीतले. दुखते ते उगुरु!" त्या उत्तराने मला कोशांपाशी नेऊन बसवले.

'नख' हा शब्द मराठीने संस्कृतातून जसाच्या तसा घेतला. जुने वैयाकरण त्याची फोड 'न + ख' अशी करतात. 'ख' म्हणजे पोकळी किंवा इंद्रिय. ते ज्यात नाही ते नख. पाणिनीच्या एका सूत्रात नकुल, नक्षत्र, नपुंसक यांच्या पंक्तीला नखही बसले आहे. फोड मोठी सुबक, कारण नख कापताना खरोखरच दुखत नाही.

परंतु तौलनिक भाषाशास्त्र निराळे सांगते. फारसी नाखून, ग्रीक ओनिक्स, लॅटिन उंग्विस, इंग्रजी नेल हे सारे याच घराण्यातले. त्या भाषांत 'न + ख' कोठून येणार? तेव्हा शब्द आधीचा, फोड मागाहूनची. डॉक्टर नखाच्या बुरशीला 'ओनिकोमायकोसिस' म्हणतात, त्यातही तोच ग्रीक शब्द आहे. 'नखरा' मात्र या घरचा नव्हे. तो फारसीतून आलेला वेगळाच पाहुणा. कानाला सारखे लागले म्हणजे नाते जुळतेच असे नाही.

उगुरु द्राविडी कुळातला. तमिळ उगिर, तेलुगू गोरु हे त्याचे सोयरे. दोन्ही भाषांत माणसाला आणि वाघाला शब्द एकच. १६५९ साली प्रतापगडाखाली गाजले ते आपले वाघनख. कन्नडात वाघाच्या नखाला हुलियुगुरु म्हणतात.

गंमत अशी, की माझ्या नखाचे भाऊबंद रोम-अथेन्सात, आणि भिंतीपलीकडच्या आजींचा शब्द परक्या घराण्यातला! तरी दिवेलागणीनंतर नखे काढू लागलो, तर आई आणि आजी एकाच सुरात ओरडतात.

बोट बरे झाल्यावर आजींनी एक कन्नड म्हण शिकवली. तिचा अर्थ असा : नखाने होणाऱ्या कामाला कुऱ्हाड कशाला? आपल्या सीमाभागात भाषेवरून आवाज चढू लागला, की मला ती हटकून आठवते.